माइकच्या पोटातलं निकेल

आर.सी.ए. कंपनीचा 44 नंबरचा माइक नावाने ओळखीचा नसला तरी बघितलेला सगळ्यांनीच असतो. जुन्या अमेरिकन रेडिओचे फोटो चाळा, गायक बिंग क्रॉस्बीच्या तोंडासमोर तो कुठे ना कुठे असणारच. भोकाभोकांच्या पत्र्याचं, कोपरे तासलेलं धूड, वजन साडेतीन-चार किलो. वरच्या जाळीआड दोन चुंबकांच्या मधल्या फटीत अॅल्युमिनियमची रिबन टांगलेली असते आणि जो तो तिच्याबद्दलच बोलतो. खालच्या भागात, स्टँडला जोडतात त्याच्या जरा वर, एक ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. मुंबईतल्या स्टुडिओंची यंत्रं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. त्या अनुभवावर मी एवढंच ठामपणे म्हणतो, की रिबन माइकची कीर्ती रिबनला मिळाली आणि काम ट्रान्सफॉर्मरने केलं.

रिबनची मूळ कल्पना जर्मन. सीमेन्समध्ये वॉल्टर शॉटकी आणि एर्विन गेर्लाख यांनी 1924 च्या सुमारास ती मांडली. तिला बाजारात उभं केलं ते अमेरिकेत हॅरी ओल्सन यांनी. हे आयोवाचे; 1928 मध्ये आर.सी.ए.त आले आणि बोलपटांसाठी माइक करण्याच्या मागे लागले. तेव्हा स्टुडिओत दोनच पर्याय होते. एक कार्बनचा माइक, जो कायम खरखरत असायचा. दुसरा कंडेन्सर, ज्याचा अॅम्प्लिफायर त्याच्याच अंगात कोंबलेला असायचा आणि हवा दमट झाली की तो कुरकुरायला लागायचा. ओल्सननी सुरुवातीला रिबनभोवती विजेवर चालणारे चुंबक लावले, म्हणजे माइकला पुन्हा बॅटरी आली. मग कायमचे चुंबक आले. 1931 मध्ये पीबी-31 निघाला आणि त्याच्या पाठोपाठ 44. या माइकला ना बॅटरी लागत होती, ना अंगातला अॅम्प्लिफायरचा व्हॉल्व्ह. समोरचं आणि मागचं तो सारखंच ऐकायचा, बाजूचं मात्र त्याला जवळजवळ ऐकूच यायचं नाही. कॅमेऱ्याची घरघर बाजूला ठेवायला बोलपटवाल्यांना नेमकं हेच हवं होतं.

रिबन मिठाईवरच्या वर्खासारखी असते. जाडी साधारण 2 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास. चिमट्यात धरली आणि जवळ कुणी शिंकलं, तर गेलीच. ती हलते तेव्हा तिच्या दोन टोकांत जो विद्युतदाब तयार होतो, तो साधं बोलणं हातभर लांबून चाललं असेल तर एका मायक्रोव्होल्टच्याही आतला. एका व्होल्टचा दहा लाखावा भागसुद्धा नाही. आणि तिचा स्वतःचा विद्युतरोध असतो जेमतेम 0.2 ओहम.

सगळी गोम या 0.2 ओहममध्ये आहे. नेहमीच्या बारीक माइकच्या तारेला पाच-सात मीटरमध्येच याहून जास्त रोध येतो. थेट रिबनपासून तार ओढून पलीकडच्या कंट्रोल रूममध्ये नेली, तर आवाज वाटेतच संपणार. म्हणून रिबनच्या पायथ्याशीच ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो, आणि रिबनपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या त्या बोटभर अंतरालासुद्धा तांब्याची जाड पट्टी टाकावी लागते. ट्रान्सफॉर्मरमध्ये रिबनच्या बाजूला जाड तारेचे मोजकेच वेढे असतात, बाहेरच्या बाजूला बारीक तारेचे पुष्कळ. समजा हे प्रमाण 1 ला 35 आहे. दाब 35 पट वाढतो, रोध मात्र 35 गुणिले 35, म्हणजे 1225 पट. 0.2 ला 1225 ने गुणलं की 245 येतात. आर.सी.ए.चा माइक कारखान्यातून 250 ओहमला जोडून यायचा. हिशोब इतका सरळ आहे.

तरीही आपल्या हातात काय आलं? दहा-पंधरा मायक्रोव्होल्ट. तार आता भिंतीपलीकडे जाऊ शकते, एवढाच काय तो फायदा. हा आवाज थेट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर टाकला तर ऐकू येईल ती व्हॉल्व्हची सळसळ. इथे दुसरा ट्रान्सफॉर्मर येतो, कंट्रोल रूममधल्या कॉन्सोलच्या तोंडाशी बसवलेला, म्हणजे इनपुट ट्रान्सफॉर्मर. खरं तर माझ्या मनात या लेखाचा नायक हाच आहे.

याचा हिशोब मला माझ्या गुरूंनी एका सिगारेटच्या पाकिटाच्या मागे मांडून दाखवला होता. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. कुठल्याही रोधात नुसत्या उष्णतेपायी एक सळसळ असतेच. 250 ओहमच्या माइकमध्ये, आपल्याला ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्ट्यात मिळून, ती साधारण 0.28 मायक्रोव्होल्ट भरते. ती कुणाच्या बापाला टाळता येत नाही. चांगल्या व्हॉल्व्हची स्वतःची सळसळ 1 ते 2 मायक्रोव्होल्ट. म्हणजे माइक थेट लावला तर व्हॉल्व्हचा कचरा माइकच्या कचऱ्यापेक्षा पाचेक पट मोठा. आता मध्ये 1 ला 10 चा ट्रान्सफॉर्मर टाका. गाणं दहापट झालं आणि माइकची सळसळही दहापट, म्हणजे 2.8. व्हॉल्व्ह मात्र होता तिथेच, 1-2 वर. आता माइक वर आणि व्हॉल्व्ह खाली. गाणं आणि सळसळ यांच्यात निसर्गाने जेवढं अंतर दिलंय, जवळजवळ तेवढं शाबूत राहिलं. अॅम्प्लिफायरचा गेन कितीही चढवला तरी हे साधत नाही, कारण गेन दोघांनाही सारखाच चढवतो. दादांचं सांगणं असं, की आवाज आधी वाढवायचा आणि मगच यंत्राच्या हवाली करायचा. वीज न खाता, स्वतःची जवळपास काहीच भर न घालता आवाज वाढवणारी वस्तू एकच, आणि ती म्हणजे ट्रान्सफॉर्मर.

पण नुसत्या लोखंडावर हे जमत नाही. विजेच्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरात जो पत्रा वापरतात तो एवढ्या किरकोळ संकेताला दादच देत नाही. गायक जोरात गातो तेव्हा तो पत्रा जागा होतो, हळू गातो तेव्हा झोपतो, आणि खर्ज तर पार पातळ पडतो. माइकच्या ट्रान्सफॉर्मरला हवा असतो जराशाही चुंबकत्वाला ओ देणारा पत्रा, आणि तो पत्रा माइकवाल्यांनी शोधलेला नाही. तो समुद्राच्या तळातून आला. या इतिहासात मुंबईचा थेट धागा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

1870 मध्ये ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन अशी तारायंत्राची केबल समुद्रात टाकली. त्याच वर्षी जूनमध्ये लंडन-मुंबई संदेश समुद्रातून थेट जाऊ लागले. ती केबल बनवणारी आणि टाकणारी कंपनी म्हणजे 1864 मध्ये लंडनमध्ये उभी राहिलेली टेलिग्राफ कन्स्ट्रक्शन अँड मेंटेनन्स कंपनी. धंद्यातले लोक तिला टेलकॉन म्हणत. या लांबच लांब केबलींचं एक जुनं दुखणं होतं. इकडून टिंब पाठवलं तर तिकडे ते पसरट होऊन पोचायचं. पुढचं टिंब त्याच्यावर चढू नये म्हणून हळूहळूच पाठवावं लागायचं. तांब्याच्या तारेभोवती चुंबकीय धातूची बारीक तार किंवा पट्टी गुंडाळली तर हे पसरणं कमी होतं, हे गणिताने सांगितलेलं होतं. अडचण धातूची होती. लोखंड पुरेसं पडत नव्हतं.

अमेरिकेत बेल कंपनीच्या गुस्ताफ एल्मेन यांनी निकेल आणि लोखंडाचा परमॅलॉय काढला. 1924 मध्ये न्यूयॉर्कहून अझोर्स बेटांकडे गेलेल्या केबलीत तो वापरला आणि संदेशांचा वेग कितीतरी पटींनी वाढला. लंडनच्या टेलकॉनला स्वतःचा धातू हवा होता. विलोबी स्मिथ आणि हेन्री गार्नेट या तिथल्या दोघांनी 1923 मध्ये म्यूमेटलचं पेटंट घेतलं. निकेल सुमारे 77 टक्के, बाकी लोखंड आणि थोडं तांबं. तांबं का, तर केबलीवर गुंडाळायची म्हणजे धातूची तार ओढता आली पाहिजे आणि ती तुटता कामा नये. म्हणजे मुंबईच्या केबलीवर मोठी झालेली कंपनी पन्नासेक वर्षांनी हा धातू घेऊन आली, आणि समुद्राच्या तळाशी जाणारं तेच निकेल थोड्याच वर्षांत माइकच्या पोटात येऊन बसलं. साध्या पत्र्यापेक्षा हा धातू चुंबकत्वाला किती तरी पटींनी लवकर वश होतो. त्यामुळे कमी वेढ्यांत काम होतं. वेढे कमी म्हणजे तार कमी, तार कमी म्हणजे रोध कमी आणि सळसळही कमी.

या धातूचे लाड मात्र फार. कापून, ठोकून आकार दिला की त्याला हायड्रोजनच्या भट्टीत पुन्हा लाल होईतो तापवून सावकाश थंड करावं लागतं, नाहीतर तो आपला गुण विसरतो. त्यानंतर वाकवायचा नाही, आपटायचा नाही. टेबलावरून खाली पडलेला ट्रान्सफॉर्मर बाहेरून जसाच्या तसा दिसतो आणि आतून निम्मा गेलेला असतो. स्टुडिओतल्या पोरांना हे पटवायला फार कष्ट पडतात, कारण फुटलेलं काहीच दाखवता येत नाही. मग मी एकच गाणं दोन्हींतून ऐकवतो आणि तंबोऱ्याच्या खर्जाकडे कान द्यायला सांगतो.

जळलेला किंवा तुटलेला इनपुट ट्रान्सफॉर्मर उघडायचं काम मी अजूनही घेतो. बाहेर म्यूमेटलचा डबा, त्याच्या आत बऱ्याचदा तांब्याचा, त्याच्याही आत पुन्हा म्यूमेटलचा. कांदा सोलावा तसे तीन-तीन थर उतरवावे लागतात असं लोक म्हणतात, पण कांदा सोलताना घाई चालते. आतली पोकळी डांबरासारख्या रसायनाने किंवा मेणाने भरलेली असते. ती गरम हवेने हलकेच मऊ करायची. मग पत्रे एकेक करून सरकवायचे. ते इंग्रजी ‘ई’ आणि ‘आय’च्या आकाराचे, कागदाइतके पातळ असतात. ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवायचे. गुंडाळी उलगडताना वेढे मोजत जायचं. प्रायमरी, म्हणजे माइककडची गुंडाळी, एका ठिकाणी सलग नसते. अर्धी आत, मग सेकंडरी, मग उरलेली अर्धी बाहेर, अशी ती लपेटलेली असते, म्हणजे तार सप्तकातला आवाज गळत नाही. दोन गुंडाळ्यांच्या मध्ये तांब्याचा वर्ख असतो आणि त्याची दोन टोकं एकमेकांना कधीच टेकू द्यायची नसतात. टेकली तर तोच एक वेढा होऊन बसतो आणि सगळा आवाज गिळतो. बारीक एनॅमल तार लॅमिंग्टन रोडला मिळते, पुण्यात तापकीर गल्लीत. चष्मा लावूनसुद्धा धड दिसत नाही इतकी ती बारीक असते. बोटाला लागते तेव्हाच कळतं की ती आहे.

इंग्लंडमध्ये गोष्ट थोडी वेगळी घडली. आर.सी.ए.चे माइक बीबीसीला परवडेनात, म्हणून त्यांनी आपल्याच प्रयोगशाळेत रिबन माइक बनवला आणि 1934 पासून मार्कोनी कंपनीकडून तयार करून घेतला. हा टाइप ए. गोळीच्या आकाराचा हा माइक युद्धकाळातल्या इंग्लिश फोटोंत सारखा दिसतो. 1950 च्या दशकात बीबीसीच्याच शॉर्टर आणि हारवूड या दोन अभियंत्यांनी त्याहून लहान आणि जास्त नितळ माइक केला. एसटीसी कंपनीने तो 4038 या नंबराने बाजारात आणला. तो आजही कोल्स या नावाने तयार होतो. बीटल्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये रिंगोच्या ड्रमवर टांगलेला माइक तोच.

आपल्या आकाशवाणीवर बीबीसीची सावली पहिल्यापासून होती. मुंबईचं केंद्र खासगी कंपनीने 23 जुलै 1927 ला सुरू केलं, ती कंपनी बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि 1935 मध्ये बीबीसीतून लायनेल फील्डन आले. 1936 मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. त्याच सुमारास मुख्य अभियंता म्हणून सेसिल गॉयडर आले. हे गॉयडर म्हणजे तेच, ज्यांनी 1924 मध्ये लंडनच्या मिल हिल शाळेतून, स्वतः शाळकरी असताना, न्यूझीलंडशी रेडिओवर दुतर्फी संपर्क साधला होता. मी स्वतः पहिला 4038 पाहिला तो मुंबईतल्या एका सरकारी स्टुडिओत. दादांनी तो हातात दिला आणि सांगितलं, ‘आडवा धरू नकोस, रिबन लोंबेल.’ रिबन माइक कायम उभा ठेवायचा असतो. या धंद्यात मी शिकलेला पहिला नियम हाच.

फिल्मवाल्यांकडे आर.सी.ए. दुसऱ्या दाराने आली. जुन्या हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आर.सी.ए. फोटोफोनची पाटी असायची, ती आवाज फिल्मवर उतरवायच्या यंत्रणेची. यंत्रं आली की त्यांच्यासोबत त्यांची जोडणीची रीतही येते, आणि आर.सी.ए.ची रीत स्पष्ट होती. इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर कसलाही रोध लादायचा नाही, ती उघडी ठेवून थेट ग्रिडला द्यायची. माइकला वाटलं पाहिजे की समोर ओझंच नाही.

यामागचं कारण गायकांना ऐकू येतं, त्यांना गणित ठाऊक नसलं तरी. रिबन ज्या खालच्या सुरात आपणहून डोलते तिथे तिचा रोध चढतो. समोर कमी रोधाचं ओझं असलं की नेमका तोच खालचा भाग दाबला जातो आणि पुरुषाचा आवाज छातीतून न येता गळ्यातून आल्यासारखा वाटतो. ओझं काढलं की मोकळा होतो. गाण्यासाठी रिबन वापरायची म्हणजे दोन फुटांवर उभं राहायचं. जवळ गेलं की खर्ज अनावर फुगतो, आणि फुंकरीचा धोका वेगळाच. पण दोन फुटांवर आवाज आणखी बारीक होतो, आणि मग पुन्हा सगळी भिस्त ट्रान्सफॉर्मरवर. तो चांगला असेल तरच रिबनला लांब ठेवण्याची चैन परवडते.

माइकमुळे गाण्याची ढब बदलली, हे आपल्याकडे पुष्कळांनी लिहिलंय. बालगंधर्वांना मागच्या रांगेपर्यंत पोचायचं होतं. जी. एन. जोशींचं भावगीत कानाशी बोलल्यासारखं गायलं गेलं आणि रेकॉर्डवर चाललंही. त्या आधी, भोंग्यात तोंड घालून गायच्या काळात, तसं गाणं मेणावर उठलंच नसतं. मी फक्त माझ्या बाजूचं सांगतो. मराठीतला ‘चांदणं’मधला च, ‘जरा’मधला ज, ‘झाड’मधला झ हे दातांवर घासून निघतात. कंडेन्सर माइक त्यांना सुरीसारखी धार लावतो, मग मिक्सिंगच्या वेळी आम्ही ती धार बोथट करत बसतो. रिबन वरच्या टोकाला आपणहून नरम असते, त्यामुळे ही अक्षरं अक्षरं म्हणूनच येतात. भावगीतासाठी आणि अभंगासाठी मी आजही पहिला रिबनच लावून बघेन. लावणीला नाही. तिथे धार हवी.

रिबनचे दिवस का फिरले? न्यूमनचा यू 47 1949 मध्ये आला आणि त्याचा उजळ आवाज सगळ्यांना मोहात पाडून गेला. टेलिव्हिजनला कॅमेऱ्यात न दिसणारा, वारा सोसणारा लहान माइक हवा होता. जर्मनीत बायरने 1957 मध्ये एम 160 नावाचा लहानखुरा, दुहेरी रिबनचा माइक काढला, पण ओढा वळायचा तो वळलाच. याला आणखी एक कारण आहे, आणि ते मात्र फारसं कुणी सांगत नाही: कॉन्सोलमधून ट्रान्सफॉर्मर गेला. ट्रान्झिस्टरची सळसळ व्हॉल्व्हपेक्षा बरीच कमी, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरविना काम भागतं असं दिसलं. 1970 च्या नीव्हच्या 1073 या माइक-अॅम्प्लिफायरमध्ये अजून चांगला मॅरिनेअरचा ट्रान्सफॉर्मर होता. पुढच्या वीस वर्षांत चिप आल्या आणि निकेलचे डबे महाग, वजनदार, जुनाट ठरले. हिशोब चुकीचा नव्हता. कंडेन्सरसाठी तो अगदी बरोबर होता, कारण न्यूमनच्याच यू 87 सारखा माइक 4038 च्या पन्नासेक पट मोठा आवाज आपणहूनच देतो. त्याला आधाराची गरज नाही. रिबनला होती, आणि तिचा आधारच काढून घेतला गेला.

मध्यंतरी एका होम स्टुडिओवाल्या मुलाने फोन केला. ‘काका, सेकंड हँड रिबन घेतला, पण साफ झोपलाय हो. गेन फुल्ल केला तरी आवाज येईना, नुसती सर्रर.’ मी म्हटलं, ‘अरे, माइक जागा आहे. तुझ्या त्या रेकॉर्डिंगच्या डबीला त्याचं ऐकू येत नाहीये.’ माझ्याकडचा 1 ला 10 चा जुना ट्रान्सफॉर्मर घेऊन गेलो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण उत्साहाच्या भरात पुष्कळ जण इथेच फसतात. तो ट्रान्सफॉर्मर त्याच्या डबीच्या माइकच्या भोकात लावून चालत नाही. त्या भोकाचा रोध असतो साधारण 2000 ओहम. ट्रान्सफॉर्मरमधून उलट बघितलं की तो शंभराने भागला जातो आणि माइकला दिसतात 20 ओहम. 250 ओहमच्या माइकवर 20 ओहमचं ओझं म्हणजे होता तो आवाजही गेला. त्याऐवजी गिटार लावायचं भोक घ्यायचं, ज्याचा रोध 10 लाख ओहमच्या घरात असतो. शंभराने भागून दहा हजार उरतात. माइक खूश. पण मग ट्रान्सफॉर्मर ते डबी ही तार अगदी आखूड हवी. त्या बाजूला माइकचे 250 ओहम वाढून 25 हजार झालेले असतात. तारेच्या अंगची जी थोडी धारिता असते ती आता जड पडते. मीटरला 100 पिकोफॅरड धरा: तीन मीटर तारेला वरची मर्यादा 21 हजार हर्ट्झवर येते, तिथवर ठीक. दहा मीटर तार टाकली की मर्यादा साडेसहा हजारांच्याही खाली घसरते आणि गाणं पांघरूण घेतल्यासारखं येतं. म्हणून लांब तार माइक ते ट्रान्सफॉर्मर, आखूड तार ट्रान्सफॉर्मर ते यंत्र. आम्ही तिथे फूटभर तारेवर काम भागवलं. मुलाने त्याच्या बहिणीला गायला उभं केलं आणि पहिल्या ओळीनंतर हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. हम मात्र होता, बारीक. खोलीत जुन्या चोकची ट्यूबलाइट होती. ट्रान्सफॉर्मरचा डबा हातात धरून सावकाश फिरवला; एका कोनात हम गप्प झाला. तिथेच चिकटपट्टी मारली आणि निघालो.

रिबन आता पुन्हा चलनात आहे. अमेरिकेत रॉयरने 1998 मध्ये आर-121 आणला. त्यांचाच आर-122, 2002 मधला, फँटमवर, म्हणजे यंत्राकडून माइकच्या तारेतूनच येणाऱ्या विजेवर चालतो आणि त्यात मोठ्या प्रमाणाचा ट्रान्सफॉर्मर घालून पाठोपाठ अॅम्प्लिफायर जोडलाय. दादांचा सिगारेटच्या पाकिटावरचा हिशोबच तो, फक्त माइकच्या आत नेऊन ठेवलेला. तारेत मध्येच लावायच्या, फँटमवर चालणाऱ्या बूस्टरच्या डब्याही पुष्कळ निघाल्यात. त्या वाईट नाहीत, सोयीच्या आहेत. तरी आपल्याकडच्या इमारतींचं अर्थिंग बघता मी ट्रान्सफॉर्मरच्याच बाजूने आहे. तो माइकला यंत्राच्या जमिनीपासून सोडवून ठेवतो. लिफ्ट चालू झाली की रेकॉर्डिंगमध्ये येणारी टकटक नव्या पोरांच्या परिचयाची आहेच.

जुने रिबन आणि जुने ट्रान्सफॉर्मर ज्यांच्या हाती असतील त्यांना दोन सूचना. मल्टिमीटर लावून रिबनची किंवा ट्रान्सफॉर्मरची कंटिन्युइटी बघू नका. मीटरच्या बॅटरीने गाभ्यात चुंबकत्व भरतं आणि रिबन फटीबाहेर उडी मारते. आणि फँटम चालू असताना रिबन पॅचबेवर लावू-काढू नका. नीट जोडलेल्या तारेत फँटम निरुपद्रवी असतं, कारण दोन्ही तारांवर दाब सारखा येतो. पण पॅचची पिन आत जाताना क्षणभर एकाच तारेवर येतो, आणि वर्ख ताणायला तेवढा क्षण पुरतो.

शेवटी एक विनंती. मुंबई-पुण्यातले जुने स्टुडिओ एकामागून एक बंद होतायत आणि त्यांचे कॉन्सोल किलोच्या भावाने भंगारात जातायत. कॉन्सोल खुशाल विका. पण विकायच्या आधी मागचं झाकण उघडून इनपुटच्या रांगेत बघा. राखाडी किंवा काळे, मुठीत मावतील एवढे जड डबे दिसले आणि त्यांवर यूटीसी, जेन्सन, सोवटर, मॅरिनेअर यांपैकी एखादं नाव असलं, तर तारा कापू नका. डाग सोडवून काढा, कापसात गुंडाळा, कुठली तार कुठे होती ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा, आणि रिबनवर गाणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याच्या हवाली करा.